म्हैस, बांगड्या आणि अक्का

भडगावातली सकाळ. वडील जाऊन पाच दिवस झाले होते आणि म्हैस दूध देत नव्हती...

मी नऊ वर्षांची. आल्यागेल्याला पाणी देऊन देऊन हात भरून यायचे. धसक्याने आईचं दूध आटलेलं आणि पाळण्यात पाच महिन्यांची बहीण. शेजाऱ्यांनी दोन दिवस दूध दिलं, पण रोज कोण देणार? आई कासेला हात लावायची आणि रिकामी चरवी घेऊन उठायची.

कारण कळलं ते अक्काला, वडिलांच्या थोरल्या बहिणीला. आई पारडू पाजायला सोडायची तेव्हा तिच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. पुढे पारडू मेलं, तरी नुसत्या त्या आवाजाने म्हैस पान्हवायची... आणि त्या बांगड्या अक्कानेच रीतीप्रमाणे फोडल्या होत्या.

अक्काचेही हात तरुणपणापासून उघडेच. संध्याकाळी ती मणियाराकडून सहा बांगड्या पदराखाली लपवून घेऊन आली.

"घाल माय."

"लोके काय म्हनतीन, अक्का?"

"गोठामा कोन देखस? म्हैसले सुतक लागत नही."

बांगड्या वाजल्या आणि म्हैस पान्हवली. आईने मात्र दाराकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. तो आवाज आला की वडील चरवी न्यायला तिथे येऊन उभे राहायचे.

मग रोज तेच. बांगड्या वाजवून पेंड टाकायची, धार काढायची, रडायचं, बांगड्या उतरवून गोठ्यातल्या खुंटीला अडकवायच्या. आईने दाराकडे पाहणं कधी सोडलं ते मला आठवत नाही... आम्ही सगळेच थकून गेलो होतो.

साठ सालच्या सुमारास मी धुळ्याला ट्रेनिंग कॉलेजात होते. सर सांगत होते, घंटेमागोमाग खायला दिलं की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आणि घंटा वाजवत राहिलं पण खायला दिलंच नाही, तर हळूहळू तेही थांबतं. वर्ग कुत्र्याला हसत होता, मी वहीत तोंड खुपसून रडत होते.

म्हशीला बांगड्यांमागोमाग पेंड मिळत राहिली, म्हणून ती विसरली नाही. आईसाठी दारात कुणीच आलं नाही.

परीक्षेत मी कुत्र्याचंच उदाहरण लिहिलं. त्या बांगड्यांची गोष्ट गोठ्याबाहेर न्यायची नाही, असं घरात ठरलेलं होतं.

आता आई नाही, अक्का नाही, गोठाही नाही. अक्का, माझी बहीण तुझ्यामुळे जगली... एवढंच सांगायचं राहिलं होतं.