तारनाक्याला नेलेल्या बारा चकत्या

हैदराबादच्या या फेरीत भाडं, लॉज, खाणं धरून मला फारसा खर्च आला नाही. खरी किंमत भरली ती माझी शिफारस करणाऱ्या मुलीने. तिची संशोधनातली जागा गेली.

फेरी जुनी, आयात नुकती मोकळी झाली तेव्हाची. गाड्यांच्या वेळा तुम्ही तपासून घ्या. पुण्याहून संध्याकाळची बस धरली, पिशवीत मी बनवलेल्या बारा चकत्या. उमरग्यापुढे रस्ता हाडं मोजत होता. शेजारच्याला म्हणालो, "वीस वर्षं अ‍ॅल्युमिनियमचं अ‍ॅनोडायझिंग करतोय. कागद वाचावा लागत नाही, हाताला कळतं."

"मग आमचं टमरेल तेवढं चमकवून द्या," तो म्हणाला.

सकाळी अफझलगंजला उतरलो. तिथे खिचडीबरोबर तीळ-चिंचेचा पातळ खट्टा मिळतो, चुकवू नका. पुढे तारनाक्याला सिटी बस.

प्रयोगशाळेत मेधा, ती शिफारस करणारी मुलगी, वाट पाहत होती. घर इथलंच, जुनं मराठी. अ‍ॅनोडायझिंगमध्ये अ‍ॅसिडच्या टाकीत वीज सोडली की अ‍ॅल्युमिनियमवर थर चढतो, त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं असतात. त्या थराची पातळ चकती काचेवर, सिलिकॉनवर, प्लॅस्टिकवर ठेवायची, वरून सोन्याची वाफ सोडायची. रांगोळीचा छापा उचलावा तशी चकती उचलली की खाली सोन्याचे अतिसूक्ष्म ठिपके. तिचे साहेब चकत्या परदेशातून मागवणार होते. "आमचे काका करतात" म्हणून हिने थांबवलं होतं. जमलं नाही तर तिला मुदतवाढ नव्हती.

वाफ देऊन झाल्यावर पहिली चकती उचलली. काच कोरी. सिलिकॉन कोरं. प्लॅस्टिकही कोरं.

मेधाने एक चकती उजेडात धरली. "काका, उकळत्या पाण्यात घातली होती का हो?"

"म्हणजे काय! उकळून भोकं बुजवली नाहीत तर डबा डागाळतो. गिऱ्हाईक दारात उभं करत नाही."

"भोकंच तर पायजे होती ना, काका."

साहेब तिच्याकडे वळले. "तुम इनकू बोले नै क्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी अगदी गोड आवाजात म्हणालो, "नाही साहेब, तसं काही कळवलं नव्हतं."

"हौ सर, मेरीच गलती," ती म्हणाली. मला फाटकापर्यंत सोडायला आली. "बसला वेळ आहे, काका. वाटेत कोठी लागतं, तिथे जेवून जावा."

जेवलो. चवही लागली.

महिन्याभरात परदेशी चकत्या आल्या, मेधाची मुदत संपली. हैदराबाद छानच आहे, जरूर जा. मी पुन्हा गेलो नाही. कारण घरी पोचल्यावर मेधाने पाठवलेला मागणीचा कागद पहिल्यांदा उघडला होता. इंग्रजी टाइपाखाली पेन्सिलीने, चाचपडत्या मराठीत लिहिलं होतं: 'काका, ऊकळु नका.'