वेगळं अंथरूण

डोंगर खाली आला तेव्हा आमच्या वाडीची वरची आळी गेली. माझं घर खालच्या अंगाला, ते वाचलं. ज्यांची घरं गेली त्यांना फाट्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, सहा महिन्यांसाठी म्हणून. दोन वर्षं झाली तरी माणसं तिथेच होती. मी वाडीची आशा सेविका. बाळंतिणींच्या घरभेटी माझ्याकडे.

तिथल्या एका खोलीत सहा जण राहत. सासू-सासरे, नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी आणि दीड महिन्याचा मुलगा. पावसाचे दिवस. कोब्याला ओल आलेली, म्हणून एकुलती एक लोखंडी कॉट बाळंतिणीला दिली होती. तिच्यावर ती, मुलगी आणि दोघींच्या मध्ये बाळ. वरून मदतीत आलेली जाड ब्लँकेटं.

प्रशिक्षणात शिकवलेलं मी सांगितलं. बाळाला पाठीवर निजवायचं, वेगळ्या सपाट अंथरुणावर. उशी नको, तोंडाजवळ पांघरूण नको.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, येगळं म्हंजी कुटं?"

मी खोलीभर पाहिलं. भिंतीला धान्याच्या कोठ्या, पलीकडे गॅस, उरलेल्या पट्ट्यात बाकीच्यांची अंथरुणं. सासू म्हणाली, "आवं, गारठ्यात लेकराला येकटं टाकत्यात व्हय? आईची ऊब लागती त्याला."

"जमंल तसं करा," मी म्हटलं आणि फॉर्मवर 'माहिती दिली' याच्यापुढे खूण करून निघाले.

नऊ दिवसांनी सकाळी तिचा नवरा माझ्या दारात आला. "ताई, बाळ उठंना," एवढंच म्हणाला. मी पळत गेले. बाळ तिच्या मांडीवर होतं. ओठ निळे, हात गार. ब्लँकेट तोंडावर आलं, की झोपेत कुणी कलंडलं, ते कुणालाच सांगता येईना. डॉक्टरांनीही खात्रीने काही सांगितलं नाही. सासू मात्र जमलेल्या बायकांना सांगत राहिली, "झोप लय जड हाय हिची." थोरली मुलगी माझा पदर धरून हळूच म्हणाली, "म्या काय केलं न्हाई." मी तिला जवळ घेतलं.

महिनाभराने शेजारच्या खोलीतल्या सुनेचे दिवस भरत आले होते. या वेळी मी नुसतं सांगून निघाले नाही. माझ्या नवऱ्याला सोबत नेलं. त्या घरच्यांना विचारून कोठ्या बाहेर काढल्या, त्यांच्यावर ताडपत्री बांधली. मोकळ्या जागेत विटा मांडल्या आणि शाळेतल्या मोडक्या बाकांच्या फळ्या ठोकून लहानसं बसकं बाजलं केलं, आईच्या हाताच्या अंतरावर. वर दुपटं ताणून चारी बाजूंनी घट्ट खोचलं.

तेवढ्यात बाळ गेलेली ती शेजारच्या खोलीतून आली. फळीवर तळहात दाबून पाहिला. चौकटीची लांबी वितीने मोजली.

"ह्ये आमच्या खोलीत बी बसलं असतं," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले. "बसलं असतं."

मुलीची हाक आली तशी ती गेली. दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा मुलीला आणि सासू-सासऱ्यांना घेऊन सांगलीकडे वीटभट्टीवर कामाला गेली. त्यांच्या खोलीत आता दुसरं कुटुंब आहे.