माझ्या गुडघ्याचे शेअर

आमचे हे ऑफिसांचं जुनं फर्निचर घेतात-विकतात. वस्तू कुठलीही असो, आधी उलटी करणार, मग बोटाच्या पेराने ठोकणार, मग कान लावणार. लग्नाचं बोलायला आमच्याकडे आले, तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी आमचं टेबल उलटं केलं होतं. वडील म्हणाले, माणूस चोखंदळ आहे. चोखंदळ कसला, चक्रम!

माझा गुडघा बदलायला ठेवलेले पैसे ह्यांनी मला न विचारता एका कॉम्प्युटर कंपनीच्या शेअरमध्ये घातले. का, तर त्या कंपनीने ह्यांच्याकडून साठ खुर्च्या घासाघीस न करता उचलल्या. "साठ माणसं बसवताहेत म्हणजे धंदा जोरात आहे," म्हणे. वर्षभरात बाजार असा आपटला की शेअर पाव किमतीला आला. साठच्या साठ खुर्च्या दुकानात परत आल्या आणि माझा गुडघा लांबणीवर पडला.

मग काय झालं कोण जाणे, कॉम्प्युटरवाल्यांचे सगळेच शेअर उधळले. एका गुरुवारी भाव आमच्या खरेदीला येऊन टेकला. डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली होती. मी म्हटलं, "विका आणि मोकळे व्हा." धाकटे दीर बँकेत आहेत. ते म्हणाले, "वहिनी, थांबा. दुप्पट होईल."

हे म्हणाले, "कंपनीची खरी किंमत काय, ते बघायला नको? मी साधं स्टूल न ठोकता विकत नाही."

शुक्रवारी निघाले कंपनी ठोकायला. गुडघा माझा, म्हणून मलाही नेलं! तिसरा मजला, लिफ्ट बंद. मी एकेक पायरी बसत बसत चढले. दुसऱ्या मजल्यावर तर रडूच फुटलं. हे माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत उभे. म्हटलं, बघा, बायको इथे मरतेय आणि ह्यांना दुकान सुचतंय.

वर ह्यांनी सहा टेबलं ठोकली, दोन कपाटं ठोकली आणि एका मुलीला उठवून तिची खुर्ची उलटी केली. मॅनेजर धावत आला.

"साहेब, सहाच माणसं? बाकीची कुठायत?" ह्यांनी विचारलं.

"त्यांचं काम आता यंत्र करतं."

"यंत्र बसतं कशावर?"

"बसत नाही."

"मग खुर्च्या?"

"लागणार नाहीत. कधीच."

ह्यांचा चेहराच उतरला. खाली येताना म्हणाले, "खुर्ची लागत नाही म्हणजे बुडणार ही कंपनी. शेअर विकले समज."

सोमवारी गुडघा बदलला. बुधवारी शेअर दीडपट झाला. दीर हॉस्पिटलात येऊन पोट धरधरून हसले. "दादा, खुर्च्यांवरून कंपनी जोखतोस?" ह्यांचा नुसता माझ्या नव्या गुडघ्याकडे ठोकायला हात गेला, तेव्हा मी किंचाळले.

काल ह्यांच्या फोनमध्ये डॉक्टरांचा नंबर शोधताना शेअर विकल्याचा मेसेज दिसला. शुक्रवार, अकरा वाजून दहा मिनिटं. मॅनेजर भेटला तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. अकरा दहाला तर मी दुसऱ्या मजल्यावर रडत बसले होते!

"अहो, तेव्हाच विकले होतेत? मग तिसरा मजला मला कशाला चढवलात?"

"आलोच होतो," हे खाली बघत म्हणाले, "तर फर्निचर बघून घ्यावं म्हटलं."

असा संताप आला, की नव्या गुडघ्याची पहिली लाथ ह्यांनाच द्यावी. पण मेले डोळेच भरून आले.