नाताळचा हिरवा रंग

ल्यूशन फॉन्तेनचा राग डिसेंबरात सुरू व्हायचा. घराघरात अंबाडीचं लाल सरबत उकळत असायचं, बायका नवे पडदे शिवायच्या, आणि प्रत्येक दारापुढे कोणीतरी शिडीवर चढून ब्रश फिरवत असायचं. भिंती, कठडे, खिडक्यांच्या झडपा. झडपांबरोबर बिजागऱ्याही. ल्यूशन रस्त्याने जाताना मान वर करायचा नाही. जूनमध्ये, वादळांचे दिवस सुरू झाले की, हेच लोक आपल्याला बोलावणार, हे त्याला ठाऊक असायचं.

"अंकल, झडप लागत नाही हो. लाकूड फुगलंय."

"लाकूड नाही, तुझा नाताळ फुगलाय," तो म्हणायचा आणि सुरीने रंग कापायला लागायचा.

चाळीस वर्षं तो बेटावरच्या या एका गावाच्या झडपा सांभाळत होता. रंग कापायचा, बिजागरीत रॉकेल सोडायचं, अर्धा तास वाट बघायची, मग हळू ठोकायचं. कडेला रंधा मारायचा. झडप मिटून आतून अडसर बसतो की नाही ते बघायचं. एक खिडकी उघडी राहिली की वारा तिच्यातून आत शिरतो आणि जाताना छप्पर घेऊन जातो. हे तो दर वर्षी सांगायचा, आणि लोक दर वर्षी त्याला नीरफणसाची भाजलेली फोड हातात देऊन म्हणायचे, खरंय अंकल.

त्याने स्वतःच्या घराला कधी रंग लावला नाही. ते पावसात उभ्या गाढवासारखं करडं दिसायचं.

डेल्फीन त्याची मोठी बहीण. गाव तिला मा डेल म्हणायचं, तो नुसतं डेल. दोघांची घरं बापाने एकाच मापाने बांधलेली, हाकेच्या अंतरावर. कुठली झडप कुठल्या खिडकीची हे कळावं म्हणून बापाने लाकडाच्या कडेला खाचा पाडल्या होत्या. समुद्राकडच्या खिडकीला तीन. डेलचं घर हिरवंगार. दोन वर्षांपूर्वी तो झडपा मोकळ्या करायला गेला, तेव्हा तिचा ताजा रंग पटाशीने खरवडला गेला.

"कुत्र्याने ओरबाडल्यासारखं केलंस माझ्या घराला," ती म्हणाली होती. "पुन्हा माझी पायरी चढायची नाही."

तो चढला नाही. दोन नाताळ गेले, रंगाचे दोन थर चढले.

सप्टेंबरात रेडिओने सांगितलं की वादळ संध्याकाळपर्यंत येणार. ल्यूशनने सकाळपासून चौदा घरं केली, चौदाही घरांना शिव्या दिल्या. दुपारी दोनला तो डेलच्या घरासमोर उभा होता. समुद्राकडच्या खिडकीची एक झडप भिंतीला चिकटून बसली होती, आणि सत्तरी गाठलेली डेल कपड्यांची दोरी बांधून ती ओढत होती.

"सोड ते," तो म्हणाला.

"पायरी चढू नकोस म्हटलं होतं."

"पायरी कुठे चढतोय? शिडी चढतोय."

रंग कातड्यासारखा निघत होता. खालची बिजागरी सुटली, वरची हलेना. तिला रॉकेल पाजून थांबायला हवं होतं. दुसऱ्या कोणाकडे तो थांबला असता, घरमालकाला गप्प बसायला सांगितलं असतं. पण माडांच्या झावळ्या आता एकाच बाजूला ताणल्या होत्या, आणि खालून डेल बोलत होती.

"चौदा घरांना हळू हात लावलास म्हणे. माझ्याच घराला बडवतोस."

त्याने हातोडा मारला. दुसऱ्या घावाला आवाज बदलला आणि त्याला कळलं की आता थांबायचं. त्याने तिसरा मारला. बिजागरीची झडपेकडची लोखंडी कडी तुटली, झडप दगडी पायरीवर पडली आणि मधोमध चिरली.

डेलने चिरलेल्या झडपेकडे पाहिलं. "आता?"

तो आपल्या घराकडे निघून गेला. परत आला तो डोक्यावर करडी झडप धरून, वाऱ्यात तिरका चालत. कडेला तीन खाचा. चौकटीतल्या उभ्या खिळीवर अडकलेला कडीचा तुकडा त्याने पटाशीने उडवला आणि झडप चढवली. ती एका बोटाने फिरली.

"तुझ्या खिडकीला काय लावणार?" डेलने विचारलं.

"टेबल ठोकलंय."

"टेबल?"

"प्लायवूड सकाळीच संपलं दुकानात. सगळ्यांना आजच आठवण होते."

"आत ये," ती म्हणाली. तो आत आला, अडसर लावला आणि भिंतीला पाठ टेकून बसला. वादळ रात्रभर घरावर आदळत राहिलं.

सकाळी त्याच्या घराच्या चार भिंती होत्या आणि वर आभाळ. टेबल आतल्या खाटेवर पडलं होतं. डेलच्या छपराचा एक पत्राही हलला नव्हता.

गावच्या नळावर पाण्याची रांग लागली. "अंकल, तुमचंच छप्पर?" जो तो विचारायचा.

"रंग," तो सांगायचा. "हिच्या रंगाने बिजागरी मोडली. किती वर्षं सांगतोय." लोक आपापल्या झडपा आठवून खाली बघायचे. तीन दिवस तो हेच सांगत होता, रोज जास्त मोठ्याने. डेल बादली घेऊन रांगेत असायची आणि गप्प राहायची. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी शेजारची हॉर्टेन्स म्हणाली, "मा डेल, बघा तुमच्या रंगाने काय केलं."

"हो," डेल म्हणाली. "रंगच."

ल्यूशनने हातातला डबा जमिनीवर आपटला.

"रंग नाही. हातोडा मी मारला. अर्धा तास थांबायचं होतं, हे मला कळत होतं. नाही थांबलो. कळलं का सगळ्यांना?"

त्याचा आवाज असा होता की रांगेतल्या प्रत्येकाला वाटावं, चूक आपलीच.  नळाचं पाणी बादलीत पडत राहिलं.

"भरली की उचल," डेल म्हणाली. "माझी पाठ धरलीय."

त्याने बादली उचलली. चढावर तो इतका रागाने चालत होता, की घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी त्याच्या पायावर सांडलं. डेलने बादलीत डोकावून पाहिलं आणि त्याला पुन्हा नळावर पाठवलं.