खांबाला लागलेला चेंडू

तुमच्या मेलबर्नच्या त्या लंबगोल चेंडूच्या खेळाचे नियम मला फोनवर समजावू नका. कुवेतमध्ये मी त्या खेळाची पंच होते, तीही कडक इस्त्रीच्या झेंड्यांसह.

तुमच्या आजोबांचा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतला साहेब ऑस्ट्रेलियन. त्याच्या क्लबाने पहिलंवहिलं अजिंक्यपद मिळवलं, त्या संघातला. त्याच संघातला त्याचा एक मित्रही तिथेच नोकरीला होता. दोघांत मिळून धड गुडघे दोन, आणि पुढचे दात त्याहून कमी. पण अंतिम सामन्यातला विजयी गोल साहेबाने मारला, हे कॅन्टीनच्या मांजरालाही पाठ होतं.

एका शुक्रवारी दोघांनी वाळूत सामना ठेवला. दोन बाजूंना हे दोन पुढारी, बाकी भरती कारकून आणि फोरमन यांची. खांब म्हणून रिफायनरीतले पाइप. गोलपंच मी, कारण नियमांचं पुस्तक अख्खं वाचलेली मी एकटीच. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, दोन झेंडे. खांबाला लागला तर एक गुण, एक झेंडा.

आमचा कंपनीच्या क्वार्टरचा अर्ज तेव्हा साहेबाच्या सहीसाठी पडून होता. आम्ही शहरात दोन मुलांसह एका खोलीत राहत होतो, मोरी तीन कुटुंबांत एक. निघताना आजोबा म्हणाले, "अगं, आज जरा बेतानं."

शेवटच्या मिनिटाला साहेबाची बाजू तीन गुणांनी मागे होती. त्याने चेंडूला लाथ हाणली. पाइप टण्णकन वाजला आणि चेंडू आत गेला.

"भाभी, दोन हलवा, दोन!" रत्नागिरीचा खानसामा ओरडला. आजोबांनी तर लांबूनच हात जोडले.

मी एक हलवला.

साहेब तरातरा आला. "मॅडम, नक्की लागला?"

"तुम्हाला ऐकू नाही आलं?"

त्याचा मित्र पोट धरून वाळूत बसला. "अरे, फायनललाही तुझा खांबालाच लागला होता! पंच बहिरा होता म्हणून जिंकलो आपण!"

साहेब कानापर्यंत लाल झाला. अर्ज चार महिने हलला नाही. आजोबा रोज जेवताना म्हणायचे, "पोळी एकच वाढ. तुला एकाचीच सवय."

मग साहेब रजेवर मायदेशी गेला आणि त्याच्या खुर्चीत तो मित्र बसला. पहिल्याच सकाळी त्याने सही ठोकली. आजोबांना म्हणाला, "मॅडमना सांगा, तो परत यायच्या आत सामान हलवा."

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदाच खरकटी भांडी तशीच गोणीत भरली.