लेनॉक्सच्या घरचा वाटा

मातापीतला कसावा अजून अर्धा ओलाच होता. आढ्याला टांगलेली ती वेताची लांबलचक विणलेली नळी, तिच्यात गच्च भरलेला कसाव्याच्या कंदांचा कीस, आणि खालच्या कडीत अडकवलेल्या दांड्यावर आपलं सगळं वजन टाकून बसलेली झेल्मा. नळी ताणून आवळली की कडू पाणी खालच्या मडक्यात ठिबकायचं. ते कच्चं प्यालं तर माणूस मरतो. पण नीट उकळलं की त्याचंच काळं दाट कासरीप होतं, आणि त्यात शिजलेलं मांस कितीतरी दिवस टिकतं. झेल्माला हे काम फार आवडायचं. दिवसभरात बसून होणारं तेवढं एकच काम, आणि बसल्याबसल्या प्रार्थनाही उरकते, असं ती म्हणायची.

प्रार्थना अर्ध्यावर होती तेव्हा तिचा नवरा कथबर्ट मागच्या बाजूने आला. एरवी तो कुंपणापासूनच ओरडायचा, "म्हातारे, विस्तव आहे का गं?" म्हणजे समजायचं, शिकार आहे. आज काही ओरडला नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हातात बंदूक नाही.

"लेनॉक्स पडलाय," तो म्हणाला.

"कुठे पडला? झाडावरून?"

"खाऱ्या मातीपाशी." त्याने खांबाला हात टेकला. "मी पाडला."

शिकारीवरून आल्यावर तो रानडुकराबद्दल बोलायचा तसाच शब्द होता तो. झेल्मा दांड्यावरच बसून राहिली. उठावं हे तिला सुचलंच नाही. पाणी मडक्यात पडत होतं आणि तिला वाटलं, ते थांबेपर्यंत काही खरं होणार नाही.

लेनॉक्स तिच्या धाकट्या बहिणीचा, एल्फ्रिडाचा नवरा. झालं ते असं. गावात टॅपिरला शीळ घालून बोलावतात. हे गाढवाएवढं जनावर, पण त्याची शीळ एखाद्या पोरीसारखी बारीक. माणसाने दबा धरून तशी शीळ घातली की ते उत्तर देतं, जवळ येतं, आणि मग गोळी. म्हणून गडी निघण्याआधी एकमेकांना सांगतात, मी ओढ्याच्या या अंगाला, तू त्या अंगाला. कथबर्टनेही सांगितलं होतं, वरच्या अंगाला जातो; खालचं अंग लेनॉक्सचं. पण वर त्याला ताजे ठसे दिसले, ते खाली, जनावरं चाटायला येतात त्या खाऱ्या मातीकडे जात होते, आणि तो ठशांमागे गेला. धुकं होतं. त्याने शीळ घातली. धुक्यातून उत्तर आलं. त्याने पुन्हा घातली, पुन्हा उत्तर आलं, जवळून. झाडोरा हलला.

ती शीळ लेनॉक्सला शिकवली होती कथबर्टनेच. नवा जावई घरात आला तेव्हा त्याला कसावा खणता येत होता, बाकी काही नाही. कथबर्टने त्याला ओठ कसे मुडपायचे, शेवटी आवाज कसा उतरवायचा, हे महिनोन्‌महिने शिकवलं. एकदा तर लेनॉक्सने झेल्माच्या स्वयंपाकघरामागे लपून शीळ घातली आणि कथबर्ट जेवण टाकून, उष्ट्या हाताने बंदूक घेऊन धावला होता. एल्फ्रिडा हसून हसून जमिनीवर बसली होती. "भाऊजी, माझ्या नवऱ्याचं कालवण करून घालाल एक दिवस," असं ती म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. कथबर्ट त्यानंतर गावभर सांगत फिरायचा, "टॅपिरलासुद्धा फरक कळत नाही."

लेनॉक्सला चर्चमागे पुरलं. पोलीस आले, सगळं ऐकून घेतलं, बंदूक घेऊन गेले. गावप्रमुखांनी लोकांना सांगितलं की हा अपघात आहे, कुणी कुणाला काही बोलायचं नाही. कुणी बोललं नाही. एल्फ्रिडाही बोलली नाही.

आता या गावाची रीत अशी की शिकार झाली की मांस एका घरात राहत नाही. बहिणीकडे, सासरी, शेजारी, ज्याचं त्याचं ठरलेलं वाडगं जातं, आणि जे घर ते वाडगं घेतं ते आपलं. लेनॉक्सच्या घरचा वाटा नेहमी झेल्माच्या चुलीवरून जायचा. दोघी बहिणींनी आयुष्यात दुसरं काही साठवलं नव्हतं. शेतातून आणलेलं, ओढ्यातून धरलेलं, रानातून मारलेलं, एका चुलीवर शिजायचं आणि दोन घरांत खाल्लं जायचं. झेल्माला वाटायचं, देवाने माणसाला याहून मोठं सुख दिलेलंच नाही. आता तिला एवढंच हवं होतं की एल्फ्रिडाने तिच्या हातचं एक वाडगं घ्यावं. नाही घेतलं, तर ती बहीण उरली नाही.

शेजारच्या अगाथाच्या नवऱ्याने एक लाब्बा पाठवला. रानातलं मोठ्या उंदरासारखं हे जनावर, त्याच्या मांसाला तोड नाही. झेल्माने ते कासरीपात घातलं, मिरच्या ठेचून टाकल्या, वर चरबीचा तवंग येईपर्यंत मंद ठेवलं, आणि कसाव्याची भाकरी घेऊन एल्फ्रिडाच्या दारात गेली.

एल्फ्रिडा दोन खांबांना बांधलेल्या झोळीत पडून होती. तिने वाडग्याकडे पाहिलं.

"झेल्मा, कासरीप नीट उकळलंयस ना?" जन्मभर ती 'ताई' म्हणायची. "की या घरातलं दुसरं माणूसही उरकायचंय?"

झेल्मा खाली बसली, भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि बहिणीसमोर खाल्ला. मग दुसरा.

"पोट भरलं असेल तर ऊठ," एल्फ्रिडा म्हणाली.

उरलेलं तिने लेनॉक्सच्या कुत्र्यांपुढे ओतलं.

झेल्मा तरी जात राहिली. कधी मासे, कधी शेजाऱ्यांनी दिलेलं काही, कधी नुसत्या भाकऱ्या. वाडगं उंबऱ्यावर ठेवायची आणि परतायची. दुसऱ्या दिवशी ते चाटूनपुसून लख्ख असायचं. अगाथा एकदा न राहवून बोलली, "झेल्माताई, लेनॉक्सची कुत्री बघितलीस का? चालताना पोट जमिनीला टेकतंय. नाताळला त्यांनाच कापायचं आहे का?" झेल्माला हसू येत होतं, पण ती हसली नाही. कारण एल्फ्रिडाच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. ती खायची काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

कथबर्ट चुलीशी बसलेला असायचा. चर्चला जायचा, मागच्या बाकावर बसायचा, भजन म्हणायचा नाही. कुत्र्याला बोलवायलासुद्धा शीळ घालत नसे. जाऊन मानेला धरून आणायचा.

"तू जाऊ नकोस तिच्याकडे," तो म्हणाला. "तिचं बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणून मरू देऊ?"

"माझ्या घरचं ती कसं खाईल?"

"तुझं घर वेगळं, माझं वेगळं झालं का रे म्हाताऱ्या?"

त्याने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं.

रात्री झेल्मा प्रभूच्या प्रार्थनेतलं रोजच्या भाकरीचं मागणं मागायची. त्याच्या पुढची, क्षमेची ओळ मात्र ती गाळायची. ते मागणं आपलं नाही, असं तिला वाटायचं. देवाला कळत असेल.

मग एके सकाळी अगाथाच सांगत आली की रानडुकरांचा कळप एल्फ्रिडाच्या शेतात शिरला. झेल्मा कोयता घेऊन बघायला गेली. रान तोडून, जाळून केलेलं ते शेत ओळखू येत नव्हतं. कसाव्याची झाडं मुळासकट उलथलेली, कंद अर्धवट चावून टाकलेले, त्यांच्यावर मुंग्या. एक कोपरा तेवढा शाबूत होता, पण डुकरं परत येणार हे उघड होतं. लेनॉक्स असता तर त्याने एव्हाना दोन तरी मारली असती. झेल्माने एक कंद उचलला, हातात धरला आणि खाली ठेवला. दुसरीच्या शेतातला कसावा तिने सांगितल्याशिवाय कुणी काढत नाही, सख्खी बहीण असली तरी.

ती तशीच एल्फ्रिडाकडे गेली. हात रिकामे. कुत्री धावत आली, तिला हुंगलं आणि नाराज होऊन परतली.

"आज काही नाही?" एल्फ्रिडा म्हणाली.

"नाही. तुझ्या शेतात डुकरं शिरलीत. कोपरा राहिलाय, तो आज-उद्यात काढायला हवा."

एल्फ्रिडा झोळीत उठून बसली. तिने पाय जमिनीला लावून झोळी नुसती हलवली.

"कसावा लेनॉक्सने लावलाय," ती म्हणाली. "मी काड्या तोडून दिल्या, त्याने लावला."

"माहीत आहे."

"त्याला सरळ ओळीत कधी लावता आला नाही. भाऊजी चिडवायचे." हा शब्द तिच्या तोंडून निघून गेला आणि तिने तोंड फिरवलं. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला माझ्या शेतात आणू नकोस."

"नाही आणणार."

"आणि तिथे माझ्याशी देवाचं काही बोलायचं नाही. कुणाला काय सोडलं, कुणाला काय माफ केलं, काही नाही."

"बरं."

"किसायचं माझ्या किसणीवर. भाकरी माझ्या तव्यावर. तुझ्या हातचं मी खाणार नाही झेल्मा, आज नाही आणि पुढचंही मला सांगता येत नाही." तिने बाहेर शेताच्या दिशेला पाहिलं. "लेनॉक्सच्या कसाव्याची भाकरी तुला खायची असेल तर खा. एवढी मी एकटी कुठे खाणार आहे."

झेल्माने मान हलवली. डोळे पुसावेत असं वाटलं, पण एल्फ्रिडा बघत होती, म्हणून पुसले नाहीत. हे वाडगं उलट्या बाजूने आलं होतं, आणि त्याच्याबरोबर क्षमा आली नव्हती. तरी घ्यायचं होतं.

"वारिशी आहे का तुझ्याकडे?" एल्फ्रिडाने विचारलं. कपाळाला पट्टा लावून पाठीवर न्यायची टोपली. "माझी कुत्र्यांनी कुरतडली. तूच त्यांना माजवलंस."

"एकच आहे."

"मग?"

"बघते," झेल्मा म्हणाली.

पहाटे निघायचं ठरलं. घरी गेल्यावर कथबर्टला सांगायचं होतं की उद्या चूल त्यालाच पेटवावी लागेल, आणि का ते त्याने विचारू नये. पण आधी, ऊन उतरायच्या आत, तिला अगाथाकडे जाऊन दुसरी वारिशी मागून आणायची होती.