वरच्या कोपऱ्यातली घडी

बातमी मला कुणी सांगायची वेळ आली नाही. सकाळी मी बाहेरच्या खोलीत चहा पीत होतो आणि बाथरूममध्ये ताई पडल्याचा आवाज आला. दार ढकललं, ते लगेच उघडलं. संध्याकाळी दवाखान्यात ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो झाला म्हणून पडली, की पडली म्हणून तो झाला, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जमलेला जो तो मला म्हणत होता, "तुमचा काय दोष?" या वाक्याचा मला वीट आला आहे. काय दोष, ते लिहूनच टाकतो.

ताई माझ्याहून बरीच मोठी. सरकारी नोकरीसाठी नागपूरहून पुण्यात आली, विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला, लग्न केलं नाही. माझी इकडे बदली झाली तेव्हा मी तिच्याकडेच राहायला आलो, ऐन जुलैत. आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथे तो घरात मुक्काम ठोकतो. मिठाचे खडे, न पेटणारी काडेपेटी, मऊ पडलेली बिस्किटं… आणि बाथरूमचं लाकडी दार इतकं फुगलेलं, की रोज खांदा लावायचा. "त्याला हात लावू नकोस," ताई म्हणाली. "दिवाळीनंतर ते आपलं आपण अंग आवरतं." मला कुठला एवढा धीर? ती एका लग्नाला गावी गेली तेव्हा रंधा आणून मी दाराचा वरचा कोपरा चांगला तासून टाकला. परत आल्यावर तिनं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. "वा," म्हणाली, "आता मार्चमध्ये अंघोळ करताना गाणी म्हणायची. आत कुणी आहे हे कळायला नको?"

मार्चमध्ये हवा कोरडी पडली, लाकूड आकसलं आणि वरची कडी चौकटीपर्यंत पोचेना. ताईनं जुन्या सुती साडीच्या तुकड्याची घडी केली आणि आतून त्या फटीत कोंबायला लागली. नवीन दार बसवू म्हटलं तर म्हणे, "राहू दे. तुझ्या हातची कारागिरी आहे." मला कधी रागावली नाही, पण आल्यागेल्याला आवर्जून सांगायची, "दार लागत नाही हं, आमच्या धाकट्यानं सुधारलंय." माझं डोकं फिरायचं. मी खोलीत एसी बसवला, तर तिनं घरभर ओले पंचे टांगले. "तुझा एसी तुला गार करतो आणि मला वाळवतो," म्हणायची. कोरड्या हवेत तिच्या नाकातून रक्त यायचं, टाचांना भेगा पडायच्या, ती पावलं तिरकी टाकत चालायची. आज लिहितो, मला ते नाटक वाटायचं. पंचे काढून मी गॅलरीत फेकायचो आणि ती ते उचलून पुन्हा भिजवायची.

ती गेल्यावर काही दिवसांनी अंघोळीला गेलो, तर ती घडी खाली पडलेली होती. उचलून वर बसवली. तेव्हा लक्षात आलं… ताई माझ्या खांद्याला लागायची. म्हणजे दर उन्हाळ्यात, रोज सकाळी, भेगाळलेल्या टाचा उचलून, ओल्या फरशीवर चवड्यांवर उभी राहून ती हे करत होती. चौकटीला एक पट्टी ठोकायचं काम होतं. तिनं एकदा तोंडावर सांगावं, की चुकलास, म्हणून मी इतकी वर्षं थांबलो. ती कशासाठी थांबली होती, हे विचारायचं राहिलं.

मधल्या बहिणीचा मुलगा म्हणतो, "मामा, ते दार आधी बदला." बदलेन. पाऊस लागला की ते फुगून नेमकं बसेल, घडीचं काम उरणार नाही. तोवर रोज मी ती वर कोंबतो. मला टाचा उचलाव्या लागत नाहीत.